जागा चुकली, हवा गुल!

घर घेताना आम्ही चौदा फ्लॅट पाहिले. ऊन कुठल्या बाजूने येतं, पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचतं का, शेजारी कोण आहेत, स्टेशन किती लांब, सगळं विचारून झालं. बायकोने तर प्रत्येक ठिकाणी नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघितलं. आणि तोच मी, गाडीत कॉम्प्रेसर कुठे बसवायचा हे मात्र चार मिनिटांत ठरवून मोकळा झालो. उभ्या उभ्या. हातात कटिंग चहा घेऊन.

त्या चार मिनिटांचं बिल डिसेंबर २०२४मध्ये आलं. राजस्थानात, अंधारात, बाबा मागच्या सीटवर बसलेले असताना.

पण आधी थोडी ओळख. गाडीत कॉम्प्रेसर बसवला म्हटलं की ऑफिसात सगळे विचारतात, ‘‘एसीचा का?’’ नाही हो. हा टायरमध्ये हवा भरायचा. आमच्याकडे डबल कॅब पिकअप आहे. पुढे पाच माणसांची केबिन, मागे हौदा. (सोसायटीचे वॉचमन काका तिला अजून ‘टेम्पो’च म्हणतात. मी वाद घालणं सोडून दिलंय.) अशी फोर बाय फोर गाडी वाळूत किंवा चिखलात घालायची तर टायरमधली हवा कमी करावी लागते. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय असेल, तर वाळूत साधारण १६-१८. हवा कमी झाली की टायर जमिनीला जास्त टेकतो आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वरून तरंगत जाते. जाम मजा येते!

प्रॉब्लेम परत डांबरावर आल्यावर सुरू होतो. तशाच मऊ टायरवर वेगाने गेलात तर टायरच्या भिंती सारख्या दुमडून तापतात. टायर फाटू शकतो, वळणावर रिममधून निसटूही शकतो. म्हणजे हवा परत भरायलाच हवी. आणि वाळवंटात कोपऱ्यावर पंक्चरवाल्याची टपरी नसते.

सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप असतो, पण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १०-१५ अँपिअरचा. ताकद तेवढीच. हॅचबॅकच्या एका टायरला ठीक आहे. पिकअपच्या चार जाड टायरना तो लावलात, तर मध्ये त्याला थंड करत बसावं लागतं आणि तुम्हाला आयुष्यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून लोक ऑनबोर्ड कॉम्प्रेसर घेतात. थेट बॅटरीवर चालणारा, ३० अँपिअर किंवा त्याहून जास्त खाणारा आणि नटबोल्टने गाडीत कायमचा आवळलेला.

कायमचा. हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नव्हता.

‘साहेब, इथे आयतीच जागा आहे’

शनिवारची दुपार होती. दुकानातल्या पोराने बॉनेट उघडलं आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाला, ‘‘साहेब, इथे दोन बोल्ट आयतेच आहेत. बॅटरीपण जवळ. तासाभरात काम.’’ ती जागा टर्बोच्या बाजूची. इंजिन गार होतं, सगळं कसं स्वच्छ, मोकळं दिसत होतं.

बाबा सोबत आले होते. बाबा म्हणजे एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढलेला माणूस. त्यांनी वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘अरे, ही बाजू तापते. दुसरीकडे बघ.’’

यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, ‘‘बाबा, आता टेक्नॉलॉजी बदललीय.’’

ते गप्प बसले. कॉम्प्रेसर बसला. वायर आखूड, ड्रिलिंग शून्य, बिल कमी. पार्किंगमध्ये चालवून बघितला, एकदम झकास! मी लगेच त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. २७ थम्स-अप.

सम ते जैसलमेर, ४० किलोमीटर

जैसलमेरपासून सम गाव साधारण ४० किलोमीटरवर आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर आम्ही दुपारभर हुंदडलो. लो गिअर, इंजिनचा आरडाओरडा, आई आणि बायको खाली उंटांपाशी, बाबा मागच्या सीटवर हँडल घट्ट धरून लहान मुलासारखे हसत. सूर्य मावळला तसे रस्त्याला लागलो. सोबतचा वाटाड्या त्याच्या जीपमधून निघून गेला. मी पाइप जोडला आणि हवा भरायला बसलो.

मागची दोन चाकं झाली. तिसऱ्याला पाइप लावला, स्विच दाबला आणि... काही नाही. आवाज नाही, हालचाल नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

फ्यूज बघितला, ठीक होता. वायरी हलवल्या, ठीक होत्या. मग कॉम्प्रेसरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बाहेर स्वेटर घालायची थंडी आणि बॉनेटखाली हा गडी उष्माघाताने बेशुद्ध! या कॉम्प्रेसरमध्ये थर्मल कटआउट असतो. मोटर ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला बंद करते, जळू नये म्हणून. आणि जोवर थंड होत नाही, तोवर पुन्हा चालू होत नाही. आता तापलेल्या इंजिनशेजारी तो थंड होणार कसा?

एरवी मी म्हणालो असतो, बसू अर्धा-पाऊण तास, तारे बघू. पण बाबांचं जेवणाआधीचं इन्सुलिन जैसलमेरच्या हॉटेलच्या फ्रीजमध्ये होतं. ‘दोन तासांत येतोच’ म्हणून तिथेच ठेवलेलं. त्याशिवाय ते जेवू शकत नव्हते. आणि पुढची दोन चाकं १६ पीएसआयवर, अंधारा रस्ता, मोठ्या गाड्यांची वर्दळ. आई काहीच बोलत नव्हती. आई बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

‘‘तू थांब,’’ बाबा म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

ट्रकवाल्याचा कॉम्प्रेसर

तिसरा ट्रक थांबला. बाबा आपल्या एसटी-स्टाइल हिंदीत ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलले. ‘भाईसाब’ झालं, ‘एअर ब्रेक’ झालं, ‘लडका नया है’ हेही ऐकू आलं. ड्रायव्हरने हसत सीटखालून एक पाइप काढला, ट्रकच्या ब्रेकच्या हवेला जोडला आणि आमची दोन चाकं बघता बघता भरली. पैसे घेतले नाहीत. बाबांशी हात मिळवला आणि गेला.

तर मंडळी, अवजड ट्रकना आणि एसटीला एअर ब्रेक असतात. ब्रेक दाबायचं काम तेलाऐवजी दाबलेली हवा करते. त्यासाठी कॉम्प्रेसर लागतो आणि ती हवा साठवायला टाक्या. म्हणजे आपण ज्याला ‘ऑनबोर्ड’ वगैरे म्हणून मिरवतो, ते प्रत्येक लाल डब्यात कधीपासून आहे. माझे बाबा ३१ वर्षं तेच उघडत आणि जोडत होते. मला फक्त माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही.

परतीच्या वाटेवर मी शेवटी विचारलं, ‘‘पण बाबा, ट्रकचा कॉम्प्रेसर तर इंजिनलाच चिकटलेला असतो. तो कसा नाही बंद पडत?’’

‘‘अरे, त्याला इंजिनचं ऑइल मिळतं. डोक्याला बहुतेक इंजिनचंच पाणी फिरवलेलं असतं. तो त्या घरातलाच आहे. तुझा आहे पाहुणा. त्याला ना ऑइल, ना पाणी, वर भट्टीशेजारी नेऊन बसवलास.’’

साइट व्हिजिट, रविवार सकाळ

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघं पार्किंगमध्ये उतरलो. बाबांनी जुना बॉयलरसूट घातला होता. मला वाटलं होतं ते थेट पाना घेतील. त्यांनी वही घेतली.

‘‘आधी सांग, हा कधी चालतो?’’

‘‘हवा भरताना.’’

‘‘म्हणजे कधी?’’

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. गाडी दमून, तापून थांबते तेव्हा. गाडी चालू असताना समोरून वारा लागतो. थांबली की तो वारा गेला. हवा भरताना बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालूच ठेवावं लागतं, आणि त्याचा पंखा रेडिएटरमधून तापलेली हवाच मागे ढकलत राहतो. म्हणजे बॉनेटखाली सर्वांत वाईट वेळ जी, तीच कॉम्प्रेसरच्या कामाची वेळ. आणि आपण जागा कधी निवडतो? शनिवार दुपारी, गाडी गार असताना. सगळी गडबड तिथेच.

त्यात अशा छोट्या कॉम्प्रेसरना ड्यूटी सायकल असते. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात १० मिनिटं काम, २० मिनिटं आराम. हा आकडा साधारण खोलीतल्या तापमानाला दिलेला असतो. टर्बोच्या कुशीत बसवल्यावर तो हिशेब कुठला टिकायला?

मग आम्ही सिंहगडाच्या घाटात गाडी पळवून आणली आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन सगळ्या जागा मोजल्या. (टीप: चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचं सांगतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा.) जुन्या जागी दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता. बाबा काही बोलले नाहीत. वहीत लिहिलं फक्त.

आता एकेक फ्लॅट बघू.

बॉनेटखाली, पण थंड बाजूला. टर्बो आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध कोपरा, शक्य तितका उंच. वायर आखूड, आवाज बाहेर, केबिनमधली जागा शाबूत. उष्णता कमी, पण आहेच. मध्ये पत्र्याची आडभिंत घातली तर बराच फरक पडतो. ज्यांची गाडी माणसांनी आणि सामानाने कायम भरलेली असते, त्यांच्यासाठी ही जागा वाईट नाही. मात्र रेडिएटरच्या पंख्यामागे थेट नको.

चासीला, गाडीच्या पोटाखाली. जागा भरपूर, हवा खेळती. पण पाणी, चिखल आणि दगड यांचा हा हायवे. वॉटरप्रूफ लिहिलेला कॉम्प्रेसरही फिल्टरमधून श्वास घेतो, आणि ओढ्यात तो फिल्टर बुडाला की हवेऐवजी पाणी आत. कोकणात समुद्राचं खारं पाणी आणि वारा असतो, तिथे गंज वेगळा. बसवायचाच असेल तर फिल्टर पाइपने उंच न्या, आणि चासीला नवीन भोकं पाडू नका. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर असतो.

हौद्यात, पेटी करून. उष्णता नाही, आवाज नाही. पण धूळ! पेटी बंद केली तर कॉम्प्रेसर गुदमरतो, उघडी ठेवली तर धुळीने भरतो. शिवाय चोरीची काळजी. आणि बॅटरीपासून सर्वांत लांब.

मागच्या सीटखाली. कोरडी, स्वच्छ, थंड जागा. पण आवाज केबिनमध्ये, वायर लांब, आणि तिथे आधीच जॅकचं घर.

पिशवीत. हो, हाही पर्याय आहे. बॅटरीला चिमटे लावायचा पोर्टेबल कॉम्प्रेसर. वर्षातून दोनदा वाळूत जात असाल तर खरं सांगतो, हाच घ्या. जागेचा प्रश्नच मिटला. फक्त पिशवी बांधून ठेवा. ब्रेक मारल्यावर पाच-सहा किलोचा लोखंडी गोळा तुमच्याकडे यायला नको.

बाबांचा निकाल

वहीवर पाच रकाने होते. उष्णता, पाणी, धूळ, वायर, आणि शेवटचा ‘हात पोचतो का?’ हा शेवटचा मला सुचलाच नसता. फिल्टर साफ करायचा, नट आवळायचे, फ्यूज बघायचा. हात पोचत नसेल तर माणूस ते काम टाळतो आणि टाळलेलं काम नेमकं अंधारात उगवतं.

कुठल्याच जागेला पैकीच्या पैकी मार्क नव्हते. बाबा म्हणाले, ‘‘सगळे त्रास टळणारी जागा नसते. कुठला त्रास पैशाने सुटतो ते बघ.’’ मग हिशेब सोपा झाला. सीटखालचा आवाज हा त्रासच नाही, कारण हवा भरताना आपण सगळे बाहेर उभे असतो. जॅक हौद्यात पेटीत जाऊ शकतो. राहिली वायर. ती दुकानात मिळते. बॉनेटखालची थंडी मिळत नाही.

वायरीचं गणित मात्र नीट करा, इथेच लोक फसतात. बॅटरीपासून सीटपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. ३० अँपिअर करंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली, तर सव्वा व्होल्टच्या वर वाटेतच संपतो. मोटर हळू चालते आणि वेळ लागल्याने जास्त तापते. म्हणजे थंड जागा शोधून पुन्हा तेच! १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा व्होल्टच्या एक तृतीयांशावर येतो. महाग आहे, पण तीच घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मध्ये रिले, आणि इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट. वायर पत्र्यावर घासली आणि फ्यूज लांब असला, तर पुढे जे होतं त्याला आग म्हणतात.

जमिनीला भोक पाडायचा मोह आवरला. खाली डिझेलचे पाइप असतात. जॅकच्या ब्रॅकेटचे मूळचे बोल्ट वापरून जाड पत्र्याची पट्टी केली, खाली रबरी बुश घातले. सीटबेल्टच्या बोल्टना हातही लावला नाही. दाबलेली हवा चांगलीच तापते, शंभर अंशांच्या पुढे सहज जाते, म्हणून कॉम्प्रेसरमधून निघणारा पहिला पाइप स्टीलच्या जाळीचा आणि कार्पेटपासून लांब. हवेचं तोंड हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात काढलं. हा एक बोनस मिळाला. पिकअप पाच मीटरपेक्षा लांब असते, पण तोंड मधोमध असलं की सहा मीटरच्या एकाच पाइपने चारही चाकं होतात.

काम संपायला अडीच रविवार लागले. पहिल्या रविवारी मी फक्त टॉर्च धरत होतो. तिसऱ्या रविवारी बाबांनी टॉर्च धरला आणि मला पाना दिला.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या पुढे चिखलातून आलो, चारही चाकं भरली. एकदाही बंद पडला नाही. हवा भरत असताना बाबा मागचं दार उघडून सीटखाली कान लावून उभे होते, डॉक्टरसारखे. ‘‘आवाज बरोबर आहे,’’ म्हणाले. त्या वेळी कुठलाही व्हिडिओ काढला नाही मी.

जाता जाता: बोल्ट आवळण्याआधी

• गाडी घाटातून आणा, थांबवा, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटांनी जागा मोजा.

• तुम्ही जेवढ्या पाण्यात गाडी घालता, त्याच्या वर फिल्टर आहे ना?

• कॉम्प्रेसर आडवा, उभा, उलटा कसा चालतो ते मॅन्युअलमध्ये वाचा.

• स्विच इग्निशनवरून घ्या, म्हणजे विसरला तरी बॅटरी उतरणार नाही.

• पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

• आणि कोणी ‘साहेब, इथे आयतीच जागा आहे’ म्हणालं, तर चहा निवांत संपवा. मग बरोबर आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’